दहा राग, एक तबकडी आणि तीस वर्षांनंतरची बखर

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीची लाँगप्ले तबकडी. वादक एकच, चरणजित सिंग. ध्वनिमुद्रण १९८२चे, मुंबईतले. प्रकाशनाचे साल मात्र कुठे १९८२ तर कुठे १९८३ असे छापलेले सापडते. दोन बाजू, दर बाजूला पाच राग, आणि दर रागाच्या वाट्याला सुमारे पाच मिनिटे. तबला नाही, सतार नाही, गाणारे कुणी नाही. पहिल्या बाजूवर भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूवर मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. तबकडी बाजारात आली, खपली नाही, आणि लोक तिला विसरले.

अशा न खपलेल्या तबकड्या चोरबाजारात ढिगांनी पडलेल्या असायच्या. ही वेगळी ठरली ती २०१० साली. एडो बौमन या डच संग्राहकाला ती २००२मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली होती. त्याने ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या छोट्या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात युरोप-अमेरिकेतल्या नियतकालिकांनी एक विधान रूढ करून टाकले. ‘ॲसिड हाउस’ नावाचे जे नृत्यसंगीत शिकागोत १९८७ साली जन्मले असे आजवर मानले जात होते, ते मुंबईतल्या एका सिनेवादकाने पाच वर्षे आधीच वाजवून ठेवले होते, असे ते विधान. आज चरणजित सिंग हे नाव निघाले की पाठोपाठ हेच वाक्य येते.

वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना एक शिस्त घालून दिली. घटनेच्या वेळचे अस्सल पत्र आधी वाचायचे. नंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून रचलेली बखर त्याच्या मागून, आणि तीही ताडून. या प्रकरणात अस्सल कागद तसे थोडे आहेत. एक, खुद्द तबकडी. दुसरा, ती ज्यांवर वाजवली त्या यंत्रांचा ताळेबंद. बाकी सारे, म्हणजे मुलाखती, परीक्षणे, मृत्युलेख, २०१०नंतरचे. ती बखर आहे. बखर खोटीच असते असे नाही, पण ती कोणासाठी लिहिली जाते आहे याचे भान ठेवावे लागते.

यंत्रांपासून सुरुवात करू, कारण यंत्रांच्या जन्मतारखा पक्क्या आहेत. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. टीआर-८०८ हे तालयंत्र १९८०च्या अखेरीचे. ज्युपिटर-८ हा मोठा, महागडा सिंथेसायझर १९८१चा. आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची छोटी पेटी १९८१च्या शेवटी-शेवटी बाजारात आलेली. म्हणजे तबकडीवर साल छापलेले नसते, तरी ती १९८१च्या अखेरीआधीची असणे शक्य नव्हते हे या पेटीवरूनच सिद्ध झाले असते. चरणजित सिंगांनी ही यंत्रे सिंगापूरहून आणल्याचे सांगितले जाते. ते त्या काळाला धरूनच आहे; आयातीवर जबर निर्बंध असताना मुंबईतल्या वादकांची नवी वाद्ये परदेशवारीतल्या सामानातून किंवा ओळखीपाळखीतून येत.

टीबी-३०३बद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळा वाद तिच्याभोवती आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून ती काढली होती. जास्तीत जास्त सोळा पायऱ्यांचा एक नमुना तिच्यात भरायचा, म्हणजे ती तो पुन्हा पुन्हा वाजवत राहते. खऱ्या बेस गिटारसारखी ती मुळीच वाजत नाही. अमेरिकेत तिची किंमत ३९५ डॉलर होती, तरी ती पडून राहिली, आणि १९८४च्या सुमारास कंपनीने तिचे उत्पादन थांबवले. तोवर जेमतेम दहा हजार नग निघाले होते. तिच्यात एक सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची खूण प्रत्येक पायरीला लावता येई. शिवाय फिल्टरची बटणे फिरवली की आवाज चिरकत, बुडबुडत, पिळवटत जाई. घसरण आणि पिळवटणे, या दोन गुणांवर पुढे शिकागोतल्या पोरांनी एक अख्खे संगीत उभे केले.

रागसंगीत ऐकणाऱ्याला ही घसरण परकी वाटत नाही. ती मींडेची फार गरीब नातेवाईक आहे, पण नातेवाईक आहे. पियानोच्या जातीच्या पट्टीवर स्वर तुटक पडतात, हीच हार्मोनियमविरुद्धची, म्हणजे आपल्या पेटीविरुद्धची, जुनी तक्रार. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम हद्दपार केली आणि ही बंदी सत्तरच्या दशकापर्यंत रेंगाळली, तिच्यामागे याच तक्रारीचा मोठा वाटा होता. त्या हिशेबाने पाहिले, तर चरणजित सिंगांनी पेटीचे सगळे दोष असलेली वाद्ये घेतली, मात्र पेटीत नसलेली घसरण त्यांच्यात होती.

तबकडी ऐकताना श्रमविभागणी स्पष्ट कळते. ८०८ ठोका धरते, चारही मात्रांवर सारखा, डिस्कोच्या शिरस्त्याप्रमाणे. ३०३ खाली तोच तोच स्वरसमूह फिरवत राहते. वर ज्युपिटरवर राग वाजतो, आणि तो हाताने वाजतो. तिन्ही एका लयीत बांधलेली आहेत. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडण्याची ‘मिडी’ ही सर्वमान्य पद्धत १९८३ची, म्हणजे या ध्वनिमुद्रणानंतरची. पण रोलँडच्या यंत्रांत त्याआधीपासून त्यांची स्वतःची समकालन-व्यवस्था होती. एका तारेने ८०८चा ठोका ३०३ला मिळे, आणि ज्युपिटरच्या स्वरमालिकेलाही बाहेरून ठेका देता येई. घरी सराव करताना ही यंत्रे एकत्र छान वाजतात असे लक्षात आले आणि मग ध्वनिमुद्रणाचा विचार केला, असे चरणजित सिंगांनी २०११मध्ये सांगितले. इथे बखर आणि यंत्र एकमेकांना दुजोरा देतात.

अस्सल साधनांपैकी एक मात्र कायमचे गेले आहे. ३०३ आणि ८०८ यांची स्मृती बॅटरीवर चालते. बॅटरी काढली की भरलेले नमुने पुसले जातात. म्हणजे या संगीताची संहिता यंत्रात कधी टिकणारी नव्हतीच. उरतो तो तबकडीवरचा आवाज.

आता तबकडीचे शीर्षक. शीर्षक हा छापील, समकालीन पुरावा, आणि त्याच्यात दोनच गोष्टींचा दावा आहे: राग आणि डिस्को. १९८२च्या मुंबईत डिस्को म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १९८०मध्ये ‘कुर्बानी’ आला. बिद्दूंची चाल आणि नाझिया हसनचा आवाज घरोघर पोचला. १९८१मध्ये नाझिया आणि झोहेब यांची ‘डिस्को दीवाने’ एचएमव्हीनेच काढली आणि ती प्रचंड खपली. १९८२च्या अखेरीस बप्पी लाहिरींच्या संगीताचा ‘डिस्को डान्सर’ लागला. बाबला आपल्या वाद्यवृंदाच्या डिस्को तबकड्या काढत होते. कोणत्याही शब्दाला ‘डिस्को’ चिकटवला की माल हलतो, असे कंपनीला वाटण्याचे ते दिवस. चरणजित सिंगांचे म्हणणेही याच्याशी जुळते: सिनेमात डिस्को फार झाले होते, तेव्हा त्याच ठेक्यात काही निराळे करावे, तबला बंद करून राग वाजवावेत, असे मनात आले. भविष्यातल्या कुठल्या संगीतप्रकाराची चाहूल या बोलण्यात नाही. चालू बाजारातच उभा राहून एक वादक आपली वेगळी वाट काढतो आहे.

हा मुद्दा संगीतपत्रकार गीता दयाल यांनी २०१०मध्येच मांडला होता. तबकडी आकाशातून पडलेली नाही, तिच्यामागे हिंदुस्थानी डिस्कोचा आख्खा इतिहास आहे, हे त्यांनी त्या इतिहासाची पाने उलटून दाखवले. पण अशा लेखापेक्षा ‘ॲसिड हाउसचा जनक’ हा मथळा हलका असतो आणि लवकर पोचतो. मे २०११मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’ने मुलाखत छापली तिचा मथळाही याच धाटणीचा: ॲसिड हाउसचा शोध लावला, तोही चुकून. ‘चुकून’ हा शब्द मला खटकतो. तीन महाग यंत्रे आणून, ती जोडून, दहा राग निवडून, स्टुडिओत जाऊन माणूस जे करतो त्याला चूक कसे म्हणणार? चुकून झाली असेल तर ती फक्त शिकागोशी गाठ.

ती गाठ खरेच आहे का? शिकागोची बाजूही कागदावर आहे. फ्यूचर या तिघांच्या मंडळीने, डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, वापरलेली एक ३०३ स्वस्तात घेतली. ती कशी चालवायची हे धड माहीत नव्हते. बटणे पिळता पिळता तो आवाज निघाला, असे ते सांगत आले आहेत. ध्वनिफीत रॉन हार्डी या डीजेच्या हाती पडली, त्याने ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबात ती वाजवून वाजवून लोकांच्या गळी उतरवली, आणि १९८७मध्ये ट्रॅक्स कंपनीने ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून ती बाजारात आणली. या हकीकतीत मुंबई कुठे येत नाही. एचएमव्हीची न खपलेली तबकडी शिकागोला पोचल्याचा एकही दुवा नाही. वंशावळ मांडायची, तर बाप आणि मुलगा एका छताखाली राहिल्याचा काहीतरी पुरावा लागतो. इथे पुरावा आहे तो एकाच यंत्राचा. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूसने ‘रिप इट अप’मध्ये, इटलीच्या अलेक्झांडर रोबोटनिकने १९८३च्या ‘प्रोब्लेम दामूर’मध्ये तीच पेटी वापरली. आवाजाचे साम्य त्या पेटीतून आले आहे.

शिवाय कान देऊन ऐकले, तर साम्य बाहेरच्या सालीपुरते वाटते. ‘ॲसिड ट्रॅक्स’ अकरा मिनिटांहून लांब आहे आणि त्यात चाल अशी नाहीच. आवाजाचा पोत बदलत जाणे, बटण हळूहळू फिरणे, हेच तिथले संगीत. चरणजित सिंगांच्या तबकडीत चाल आहे, किंबहुना चालीसाठीच सगळा खटाटोप आहे. ३०३ खाली षड्जाभोवती फेऱ्या घालत राहते आणि जवळपास तंबोऱ्याचे काम करते. लक्ष वरच्या पट्टीकडे असते. दोन्हींत तोच आवाज आहे, पण एकात तो गाभा आहे आणि दुसऱ्यात साथ. हा फरक बहुतेक परीक्षणांत निसटला. बौमनला पहिल्यांदा ऐकताना ॲसिड हाउस आठवले, क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक मंडळीचे अति-संक्षिप्त रूप आठवले. त्याच्या कानात जे साठलेले होते तेच त्याला आठवणार. मात्र पुढच्या लेखकांनी आठवणीचे रूपांतर वंशावळीत केले.

एक अफवाही उठली. ही तबकडी १९८२ची नाहीच. एफेक्स ट्विन हा इंग्रज संगीतकार खोड्यांबद्दल प्रसिद्ध, त्यानेच हे जुने भासवून केले असावे, असे म्हटले गेले. संशय घेणे इतिहासकाराला शोभते. पण इथला संशय आळशी होता. मूळ एचएमव्हीची प्रत होती, वादक मुंबईत हयात होते, आणि त्यांना ओळखणारे वादकही होते. अफवा टिकली त्याचे कारण वेगळे आहे, आणि ते आपल्याकडचे आहे.

चरणजित सिंग १९४०चे. मुंबईच्या सिनेस्टुडिओंत ते बेस गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर वाजवीत. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन अशांकडे त्यांनी वाजवले. १९७१च्या ‘दम मारो दम’मधले ट्रान्झिकॉर्ड त्यांचे, असे त्या गाण्याच्या वादकांच्या यादीत सांगितले जाते. ‘सांगितले जाते’ असे म्हणावे लागते, कारण सिनेगीताच्या तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक छापले जात. साठ-सत्तर वादकांच्या ताफ्यातल्या कुणाचे नाव त्यावर येत नसे. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट हे गोव्याचे दिग्गज, मिनीमूग सिनेसंगीतात आणणारे कर्सी लॉर्ड, यांची हकीकत ग्रेगरी बूथ या अभ्यासकाला वादकांच्या घरी जाऊन, तोंडी विचारून लिहावी लागली. त्याचे ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८चे. म्हणजे चरणजित सिंगांसारख्यांचे आयुष्यभराचे काम आपल्याकडे बखरीच्याच स्वरूपात शिल्लक आहे. परदेशातल्या माणसाने नाव शोधले, त्याला एकच तबकडी दिसली, आगेमागे काही नाही. अशा माणसाचे अस्तित्वच खोटे वाटले तर नवल नाही.

मला खरी उणीव वाटते ती निराळ्याच बाजूची. या तबकडीवर एवढे लिहिले गेले, पण तिच्यातल्या रागांविषयी जवळजवळ काही नाही. परीक्षकांनी राग म्हणजे एक पौर्वात्य रंग असे धरून सोडून दिले. आपल्याकडच्या जाणकारांनी डिस्को हा शब्द पाहूनच पाठ फिरवली असेल, तर तेही समजण्यासारखे आहे. पाच मिनिटांत राग कसा मांडणार, हा आक्षेप मात्र चालणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांतच राग उभे केले, आणि किराणा घराण्याचे पाईक अजून त्यांची पारायणे करतात. अडचण वेळेची नाही, पुनरावृत्तीची आहे. मालकंस आणि कलावती पाच-पाच स्वरांचे. नमुना कितीही वेळा फिरला तरी स्वरूप बिघडत नाही, उलट ठसत जाते. भूपालीचे तसे नाही. भूपाली आणि देशकार यांचे स्वर तेच. गंधारावर मुक्काम की धैवतावर, एवढ्याच वागण्यावर राग ओळखायचा. खालचे यंत्र सगळ्या स्वरांना सारख्याच निर्विकारपणे ठोकत असले की हे वागणे सगळे वरच्या हातावर येते. तोडीचा गंधार तर पेटीच्या पट्टीवर सापडतच नाही. तो पट्टीतल्या कोमल गंधारापेक्षा खाली, झुकलेला. ललितचे दोन्ही मध्यम सलग येतात तेव्हा मात्र यंत्राचा कोरडेपणा उपयोगी पडतो, शेजारचे दोन स्वर असे उघडे, धारदार ऐकू येतात. ही तबकडी रागाच्या दृष्टीने सगळीकडे सारखी नाही. काही राग यंत्राला मानवतात, काही नाही. दहा रागांची निवड कशी झाली असेल याचा विचार इथून सुरू व्हायला हवा.

दुसऱ्या बाजूचा क्रम पाहिला की एक मोह होतो. यमन सायंकाळचा, कलावती रात्रीचा, मालकंस मध्यरात्रीनंतरचा, बैरागी पहाटेचा: जणू रात्रभराच्या मैफलीचा आराखडा. पण पहिली बाजू हा तर्क मोडते. तिथे पहाटेच्या ललितनंतर रात्रीची भूपाली येते आणि तिच्यामागून सकाळची तोडी. म्हणून समयचक्राचा सिद्धांत मांडता येत नाही. तसाच आणखी एक मोह सोळा पायऱ्यांचा: तीनतालाच्या मात्राही सोळाच. पण ३०३च्या सोळा पायऱ्या म्हणजे चार ठोक्यांचे बारीक तुकडे, तीनतालाचे आवर्तन नव्हे. आकडा जुळला म्हणून नाते जोडू नये.

‘पहिला’ हे बिरूदही जरा जपून द्यावे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा यांनी त्यावर १९७२पर्यंत रचना केल्या. पॉल पर्गस यांनी त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहातून बाहेर काढल्या आणि २०२३मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. आनंद शंकर यांच्या १९७०च्या तबकडीवर सतारीजवळ मूग वाजतोच. चरणजित सिंग यांचे वेगळेपण पहिलेपणात नाही. संस्थेचा आश्रय नाही, परदेशी पाहुणा शिकवायला नाही. रोजच्या सिनेध्वनिमुद्रणाच्या धकाधकीतून वेळ काढून एका वादकाने बाजारपेठेसाठी हे केले, आणि बाजाराने घेतले नाही.

पुनःप्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन हेच राग तरुण श्रोत्यांपुढे वाजवू लागले. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक बातम्यांच्या मथळ्यात ॲसिड हाउस होते. ते स्वतः या तबकडीला आपले सर्वांत चांगले काम मानत. कारण त्यांनी साधे दिले होते: बाकीच्या तबकड्यांवर सिनेमाची गाणी वाजवली होती, ही रचना त्यांची स्वतःची होती. शिकागोचा उल्लेख त्या कारणात नाही.